एनबीएची फाइल उलटी भरू नका : सीओपासून पीओपर्यंतचा क्रम

दिवाळीची सुट्टी संपली की नागपुरातल्या कुठल्या ना कुठल्या डिपार्टमेंटमधून मला फोन येतो. "सर, एसएआर भरायला घेतलाय. अटेनमेंटची एक्सेल शीट आहे का तुमच्याकडे?" (एसएआर म्हणजे मान्यतेसाठी एनबीएला, नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनला, द्यायचा स्वमूल्यांकन अहवाल; अटेनमेंट म्हणजे मुलांनी ठरलेलं उद्दिष्ट किती गाठलं त्याचा आकडा.) शीट आहे, मी पाठवतोही. पण मागणाऱ्याचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी शीटच्या तळाशी कोणता आकडा दिसायला हवा ते ठरतं, मग त्याला जुळतील असे मार्क बसवले जातात आणि सगळ्यात शेवटी त्या मार्कांना शोभतील असे सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे विषय शिकून मुलाला काय करता येईल ते) लिहिले जातात. तपासायला येणारा माणूसही कुठेतरी प्राध्यापकच असतो. त्यानंही हे उद्योग पाहिलेले असतात, त्यामुळे त्याला दहा मिनिटांत वास येतो.

हा लेख डिपार्टमेंटच्या एनबीए कोऑर्डिनेटरसाठी आहे, म्हणजे ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय आणि ज्याला नाही म्हणता आलं नाही त्याच्यासाठी. उदाहरणाला सिव्हिलचा 'काँक्रीट टेक्नॉलॉजी' हा विषय घेतलाय. तुमची शाखा वेगळी असली तरी क्रम हाच. उदाहरणातले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत.

## सुरुवातीआधी: कोणता नमुना, कोणती वर्षं

नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करते, एनबीए एकेका प्रोग्रामला मान्यता देते. त्यामुळे आयक्यूएसीच्या (संस्थेच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) खोलीतली कपाटं डिपार्टमेंटमध्ये हलवून एनबीएचं काम होत नाही. तिथल्या फाइली संस्थेबद्दल बोलतात. इथे प्रश्न एवढाच असतो की तुमच्या प्रोग्राममधून बाहेर पडणाऱ्या मुलाला काय येतं आणि ते तुम्ही कशावरून म्हणता.

आधी नमुना तपासा. २०२५पासून लागू झालेल्या नव्या एसएआरमध्ये पीओ (प्रोग्राम आउटकम, म्हणजे पूर्ण प्रोग्राम संपल्यावर मुलाला काय यायला हवं ते) १२ नाहीत, ११ आहेत. जुना पीओ ६ (इंजिनिअर आणि समाज) आणि जुना पीओ ७ (पर्यावरण आणि शाश्वतता) एकत्र होऊन नवा पीओ ६ झाला. त्यामुळे पुढचे सगळे क्रमांक एकेक घर वर सरकले: एथिक्स ८चा ७ झाला, टीमवर्क ९चं ८, कम्युनिकेशन १०चं ९, प्रोजेक्ट मॅनेजमेंट ११चं १०, लाइफलाँग लर्निंग १२चं ११.

इशारा: जुन्या बॅचचं मॅपिंग (कोणता सीओ कोणत्या पीओला किती जोडलाय ते) नव्या तक्त्यात कॉपी-पेस्ट केलं की एथिक्सचे आकडे टीमवर्कच्या रकान्यात जाऊन बसतात. एक्सेल लाल होत नाही, कुणी ओरडत नाही. हे एनबीएची टीम भेटीला येते त्या दिवशीच कळतं.

मग वर्षं. एसएआर जमा करताना चालू असलेलं शैक्षणिक वर्ष म्हणजे सीएवाय, त्याच्या आधीचं सीएवायएम१, त्याच्याही आधीचं सीएवायएम२. बाहेर पडलेल्या बॅचसाठी एलवायजी (लास्ट इयर ग्रॅज्युएट) ही मोजणी वेगळी चालते. ही वर्षं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावा. सहा शिक्षक सहा तक्ते भरत असतील आणि त्यातल्या एकानं सीएवाय एक वर्ष मागचं धरलं, तर विद्यार्थीसंख्या, शिक्षकसंख्या आणि निकाल यांचा ताळमेळ कधीच लागत नाही. डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं कोणत्या बॅचमध्ये मोजायची तेही त्याच कागदावर लिहा. हमखास गळतात ती तीच.

प्री-क्वालिफायरबद्दल (एसएआरच्या आधीच्या पात्रता अर्जाबद्दल) फार लिहीत नाही. प्रोग्रामच्या किमान दोन बॅच बाहेर पडलेल्या हव्यात. प्रवेश, शिक्षक, पीएचडीधारक आणि प्लेसमेंट यांचे आकडे पोर्टलवर मागतात तसेच, खरे भरा. तिथे अडत असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. आधी शिक्षक नेमा.

## टप्पा १: सीओ लिहा, तेही सेमिस्टर सुरू होण्याआधी

एका विषयाला चार ते सहा सीओ पुरतात. वाईट सीओ कसा असतो?

"विद्यार्थ्यांना काँक्रीटविषयी सखोल ज्ञान प्राप्त होईल."

हे मोजायचं कसं? सखोल म्हणजे किती फूट? आता दुसरा:

"फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या एम-२५ काँक्रीटचं मिक्स डिझाइन आयएस १०२६२:२०१९ या भारतीय मानकाप्रमाणे करता येईल."

आणि तिसरा:

"हवेचं तापमान ४० अंशांच्या वर असताना काँक्रीटचा स्लम्प (प्रवाहीपणा) घटू नये म्हणून योग्य उपाय निवडता येतील."

दुसऱ्या आणि तिसऱ्यावर प्रश्न काढता येतो, मार्क देता येतात, जमलं की नाही ते दिसतं. शिवाय दोन्ही आपल्या मातीतले आहेत. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, म्हणजेच फ्लाय अ‍ॅश, जवळ आहे, आणि ४० अंश म्हणजे काय हे मे महिन्यात साइटवर उभं राहिलेल्या नागपूरच्या मुलाला शिकवावं लागत नाही. गरम हवेतल्या काँक्रीटिंगसाठी आयएस ७८६१चा पहिला भाग हीच ४० अंशांची रेघ धरतो. सिलॅबस विद्यापीठाचा असला तरी सीओ तुमच्या शब्दांत लिहायला फार थोड्या ठिकाणी आडकाठी असते. ज्यांचे सीओ विद्यापीठाच्या सिलॅबसमध्येच छापून येतात त्यांनी ते तसेच ठेवावेत आणि प्रश्न नीट काढण्यावर जोर द्यावा.

तपासा: प्रत्येक सीओमध्ये क्रियापद एकच आहे का? "समजून घेऊन विश्लेषण करून डिझाइन करता येईल" हे तीन सीओ आहेत. सगळे सीओ 'आठवणे-समजणे' याच पायरीवर आहेत का? तिसऱ्या वर्षाच्या विषयाचे तसे असतील तर ब्लूमची शिडी (आठवण्यापासून वर चढत जाणाऱ्या शिकण्याच्या पायऱ्या) फक्त भिंतीवरच्या पोस्टरमध्ये राहिली.

सीओ लिहिलेल्या कागदावर तारीख हवी आणि ती पहिल्या लेक्चरच्या आधीची हवी. वर्गात पहिल्या तासाला ते सांगितले गेले पाहिजेत. मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर सीओ उतरवून घ्यायला लावणारे एक सर मला माहीत आहेत. भेटीत त्यांच्या एका मुलानं न विचारता वही उघडून दाखवली.

## टप्पा २: मॅपिंग करताना हात आखडा

सीओ-पीओ मॅपिंगच्या तक्त्यात १, २, ३ भरायचे असतात किंवा रकाना रिकामा ठेवायचा असतो. रिकामा ठेवायची आपल्याला भीती वाटते. म्हणून काँक्रीट टेक्नॉलॉजीसारखा विषय एथिक्सपासून फायनान्सपर्यंत सगळ्याला जोडला जातो.

एक नियम पाळा: प्रत्येक आकड्यामागे एक ओळीचं कारण लिहा. समजा वरचा मिक्स डिझाइनचा सीओ हाच आपला सीओ ३ आहे: "सीओ ३ → पीओ ६ : २, कारण राखेच्या वापराचा पर्यावरणावरचा परिणाम प्रॅक्टिकल ६ आणि असाइनमेंट २ मध्ये तपासला जातो." कारण सुचत नसेल तर आकडा खोडा. एथिक्स, टीमवर्क, प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे पीओ थिअरीच्या विषयातून ओढून काढण्यापेक्षा प्रोजेक्ट, सेमिनार आणि इंटर्नशिपमधून दाखवणं सोपंही आहे आणि खरंही.

इशारा: ३ म्हणजे 'चांगलं' नाही, ३ म्हणजे 'या सीओचा त्या पीओशी घट्ट संबंध आहे'. पूर्ण तक्ता ३ने भरला म्हणून मार्क वाढत नाहीत. उलट पुढच्या टप्प्यात तो तुमच्याच अंगावर येतो.

## टप्पा ३: प्रश्नपत्रिकेवर सीओ

इथे संलग्न कॉलेज आणि ऑटोनॉमस कॉलेज यांच्या वाटा वेगळ्या होतात.

संलग्न असाल तर विंटर आणि समरचा (हिवाळी-उन्हाळी परीक्षेचा) पेपर विद्यापीठाचा. तुमच्या हातात येतात ते एकूण मार्क, प्रश्ननिहाय नाहीत. त्यामुळे बाह्य परीक्षेचा एकच स्तर सगळ्या सीओंना लागतो आणि सीओ-सीओमधला फरक फक्त तुमच्या सेशनलमधून (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेतून) दिसतो. म्हणून सेशनलचा पेपर नीट काढा. एका प्रश्नाला एकच सीओ, मार्जिनमध्ये छापलेला.

ऑटोनॉमस असाल तर परीक्षा विभागाला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच सांगा की प्रश्ननिहाय मार्क जपून ठेवायचे आहेत. निकाल लागल्यावर सांगितलं तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुन्हा सोडायला कुणी तयार होत नाही.

पर्यायी प्रश्नांचा घोळ दोन्हीकडे असतो. "प्रश्न २ किंवा प्रश्न ३" असं असेल आणि २ सीओ १चा, ३ सीओ ४चा असेल, तर निम्म्या वर्गाचा सीओ १ कधी तपासलाच गेला नाही. 'किंवा'च्या दोन्ही बाजूंना सीओ तोच हवा आणि कठीणपणाही साधारण तोच.

मार्क भरताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: गैरहजर, प्रश्न सोडवलाच नाही, आणि सोडवला पण शून्य. गैरहजर असेल तर 'एबी', न सोडवलेला असेल तर रिकामं, चुकलेला असेल तर ०. एक्सेलचं काउंट फंक्शन रिकामं आणि 'एबी' दोन्ही सोडतं, शून्य मोजतं. हे न पाळल्यानं अख्ख्या वर्गाचा स्तर खाली आलेला मी पाहिलाय, आणि वर गेलेलाही.

## टप्पा ४: हिशेब, एका सीओचा पूर्ण

समजा वर्ग ६० मुलांचा. सीओ ३वर १० मार्कांचा प्रश्न. आपण आधीच ठरवलंय: ६० टक्के म्हणजे ६ मार्क मिळाले की मुलानं तो सीओ गाठला. स्तरही आधीच ठरलेले:

- ५० टक्के मुलांनी गाठला तर स्तर १
- ६० टक्के मुलांनी गाठला तर स्तर २
- ७० टक्के मुलांनी गाठला तर स्तर ३

प्रश्न सोडवला ५७ जणांनी, ६ किंवा जास्त मिळाले ३९ जणांना. ३९ भागिले ५७ म्हणजे ६८.४ टक्के. स्तर २.

विद्यापीठाच्या पेपरात ६० पैकी ३२ मुलं लक्ष्याच्या वर. ५३.३ टक्के. स्तर १.

अंतर्गत ४० टक्के, बाह्य ६० टक्के असं वजन ठरलं असेल तर: ०.४ × २ + ०.६ × १ = १.४. हा सीओ ३चा प्रत्यक्ष अटेनमेंट.

आता पीओकडे जाताना दोन पद्धती चालतात आणि भांडणं तिथेच होतात. समजा याच विषयाचे दोन सीओ पीओ ६ला जोडले आहेत: सीओ ३ (मॅपिंग २, अटेनमेंट १.४) आणि सीओ ४ (मॅपिंग ३, अटेनमेंट १.८).

पहिली पद्धत, वजनी सरासरी: (२ × १.४ + ३ × १.८) भागिले ५ = १.६४.

दुसरी पद्धत, प्रत्येक सीओचा अटेनमेंट मॅपिंगने गुणून ३ने भागायचा आणि मग सरासरी: (०.९३ + १.८) भागिले २ = १.३७.

तेच मार्क, तीच मुलं, आकडे दोन. कोणतीही पद्धत घ्या, पण एकच घ्या. ती लिहून ठेवा आणि सगळ्या विषयांना तीच लावा. दुसरी पद्धत घेतली तर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पीओचा अटेनमेंट मॅपिंगच्या सरासरीच्या वर जाऊच शकत नाही. अख्ख्या प्रोग्राममध्ये पीओ ७चं सरासरी मॅपिंग १.२ असेल आणि तुम्ही लक्ष्य २ ठेवलं असेल, तर वर्गातल्या प्रत्येक मुलानं पैकीच्या पैकी मार्क काढले तरी लक्ष्य चुकणार. मग दर वर्षी 'लक्ष्य गाठले नाही, उपाययोजना केली' असं लिहावं लागतं, आणि दोष मुलांचा नसतोच.

शेवटी अप्रत्यक्ष भाग: एक्झिट सर्व्हे, माजी विद्यार्थी, एम्प्लॉयर. याला साधारण २० टक्के वजन देतात, प्रत्यक्षला ८०. गूगल फॉर्मवर प्रतिसादाची वेळ उमटते हे विसरू नका. रात्री ११ वाजून १० मिनिटांपासून ११ वाजून २५ मिनिटांपर्यंत ४० माजी विद्यार्थ्यांनी सगळीकडे ५ दिले असतील, तर ते कुणी भरले हे विचारायचीही गरज नसते.

तपासा: सेशनलमध्ये अख्खा वर्ग २०पैकी १८ आणि विद्यापीठात निम्मा नापास, असं चित्र असेल तर शीट बनवण्याआधी स्टाफ मीटिंग घ्या. या तफावतीला एक्सेलमध्ये औषध नाही.

## टप्पा ५: लक्ष्य चुकलं, आता लिहायचं काय

नवखे लोक इथे घाबरतात आणि आकडे बदलतात. बदलू नका. सगळे ३ आणि २.९ असलेला तक्ता संशय वाढवतो. चुकलेलं लक्ष्य आणि त्यामागचं नेमकं कारण असेल तर बोलायला विषय मिळतो.

"जादा लेक्चर घेतले" ही कृती नव्हे, सवय आहे. कृती अशी दिसते:

सीओ ३च्या प्रश्नात १८ मुलांना ६च्या खाली मार्क होते. त्यांच्या उत्तरपत्रिका काढून पाहिल्या. समजा १४ जणांची चूक एकच निघाली: रेतीतल्या ओलाव्याची दुरुस्ती विसरले. पाणी-सिमेंट गुणोत्तर बरोबर काढलं, पण घालायच्या पाण्यातून रेतीतलं पाणी वजा केलंच नाही. असं का? कारण लॅबमध्ये आपण रेती ओव्हनमध्ये सुकवून देतो. साइटवर कन्हानची ओली रेती ट्रकमधून उतरते, तिच्यातून पाणी गळत असतं. मुलांनी ओली रेती कधी तोललीच नव्हती.

म्हणून पुढच्या वर्षी प्रॅक्टिकल ४मध्ये बदल: ओली रेती द्यायची, ओलावा मुलांनी मोजायचा, मग मिक्स. त्या वर्षी तसाच प्रश्न सेशनलमध्ये पुन्हा घ्यायचा आणि दोन्ही वर्षांचे टक्के शेजारी शेजारी ठेवायचे. वाढले तर छान, नाही वाढले तरी चालेल. पाच ओळींचा हा कागद, जोडीला जुन्या दोन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स आणि बदललेलं लॅब मॅन्युअलचं पान. एका विषयाला एवढं पुरतं.

## टप्पा ६: पुरावे त्या त्या दिवशीच

मीटिंगचे मिनिट्स नंतर लिहायचे नाहीत. हे मी अनुभवाने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॉलेजात (नाव कशाला घ्यायचं) प्रोग्राम असेसमेंट कमिटीचे तीन वर्षांचे मिनिट्स दोन रात्रींत लिहिणारा मीच होतो. तारखा अंदाजाने टाकल्या. बाहेरून आलेल्या एक्स्पर्टनं रजिस्टर चाळलं, मग शेजारी ठेवलेलं हजेरीचं रजिस्टर ओढलं आणि शांतपणे विचारलं, "या दिवशी सगळा स्टाफ सुट्टीवर दिसतो. मीटिंग कुठे झाली?" मी तारीख पाहिली. तान्हा पोळा. घरातली पोरं लाकडी बैल सजवून गल्लीत फिरत होती, आणि कागदावर आम्ही पीओ अटेनमेंटवर सखोल चर्चा करत होतो. पुढे काय बोलायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

म्हणून मीटिंग छोटी घ्या, पण घ्या. अर्धा तास, चार मुद्दे, त्याच दिवशी सह्या. नोकरी सोडून गेलेल्या सरांची सही त्यांच्या रिलीव्हिंगनंतरच्या मिनिट्सवर नाही ना, ते आधी तुम्हीच पाहा.

फाइली कमी ठेवा. विषयाला एक: सीओ, मॅपिंग आणि कारणं, सेशनल पेपर, चांगली-मध्यम-कमी अशा तीन उत्तरपत्रिका, मार्कांची मूळ शीट, हिशेब, कृतीचा कागद. तळमजल्यावर ओल येते आणि जुन्या इमारतीत वाळवी लागते, म्हणून हे सगळं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. उन्हाळ्यात कूलरसमोर सुटे कागद मांडून बसू नका, ही सूचना हास्यास्पद वाटेल. ज्यांनी सुट्या उत्तरपत्रिका व्हरांड्यातून गोळा केल्यात त्यांना वाटणार नाही.

## टप्पा ७: भेटीचे दिवस

भेट बहुधा तीन दिवसांची आणि त्यात रविवार येतो. वसतिगृहातली मुलं, लॅब असिस्टंट आणि कँटीन यांची व्यवस्था आठवडाभर आधी करा. सकाळी तर्री-पोहे ठेवायला हरकत नाही, तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा. पाहुण्यांना आपल्या तिखटाची कल्पना नसते.

लॅबमध्ये काय होतं ते सांगतो. एक्स्पर्ट कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीनपाशी थांबतो, कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख वाचतो आणि लॅब असिस्टंटला म्हणतो, "एक क्यूब फोडून दाखवा." प्राध्यापकाला नाही, असिस्टंटला. त्यामुळे कॅलिब्रेशन चालू वर्षाचं हवं, क्युअरिंग टँकमध्ये तारीख टाकलेले १५० मिलिमीटरचे क्यूब हवेत, आणि त्या माणसाला आदल्या दिवशी झाडलोटीला न जुंपता मशीनपाशी राहू द्या.

मुलांकडून व्हिजन-मिशन पाठ करून घेऊ नका. ती पोपटासारखी म्हणतात आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडकतात. त्यांना त्यांच्या प्रोजेक्टबद्दल बोलता यावं एवढं पाहा. माजी विद्यार्थी बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, मिहान इथे सहज सापडतात. पुण्याहून एक दिवसासाठी कुणाला बोलावण्यापेक्षा जवळचे, खरोखर काम करणारे चार जण बरे. पालकांमध्ये कॉलेजच्याच कर्मचाऱ्यांचे नातेवाईक नकोत.

शिक्षकांनी प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही, पाहून सांगतो" म्हणावं आणि तासाभरात कागद आणून द्यावा. कोऑर्डिनेटरनं सगळ्यांच्या वतीने बोलू नये. मी बोललो होतो, आणि नंतर आमच्याच एका सरांनी उलट उत्तर दिलं.

तपासा, आदल्या संध्याकाळी: भिंतीवरचे पीओ ११ आहेत की अजून १२? एसएआरमधली शिक्षकांची यादी आणि दारावरच्या पाट्या जुळतात का? ज्या विषयाची फाइल तुम्ही सर्वात आधी दाखवणार आहात, तिचा हिशेब तुम्हाला कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून दाखवता येतो का?

एक्झिट मीटिंगला टीम निकाल सांगत नाही, तेव्हा चेहरे वाचत बसू नका. त्या रात्रीच, आठवणीत ताजं असताना, कोणत्या फाइलवर काय विचारलं ते विषयवार लिहून काढा आणि सोमवारी ते त्या त्या शिक्षकाच्या हातात द्या. चालू सेमिस्टरचा दुसरा सेशनल अजून व्हायचा असेल, तर पहिला बदल त्याच पेपरात करता येतो.